आतड्याचं ऑपरेशन आणि दारावरची यादी

मंगळवार, अकरा नोव्हेंबर. गोंदियातला दवाखाना, सर्जनची खोली. हजर: मी, माझे मिस्टर, धाकटा दीर आणि सर्जन. सोबत सीटी स्कॅनचं पाकीट, जुन्या चिठ्ठ्या आणि माझी वही.

मिस्टरांचं पोटाचं दुखणं सहा वर्षांचं. जेवल्यावर तासाभरात पोट फुगायचं, कळा यायच्या, कधी उलटी. आतड्याला सूज आहे असं निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून मी रोज लिहीत आले: काय खाल्लं, किती दुखलं. ज्या दिवशी दुखलं, त्या दिवशीच्या ताटातला एक पदार्थ बंद. बंद पदार्थांची यादी अर्जुनीच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेली. पहिलं नाव लाखोळीच्या डाळीचं. मग झिंगे, वांगी, फणस, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, असं करत एकोणीस.

यादी लागू पडली, असं वही सांगत होती. पोळ्याच्या सणापासून रोज एकच नोंद: बरं.

म्हणून सर्जन "आतड्याचा तुकडा काढावा लागेल" म्हणाले, तेव्हा पहिला संशय मला त्यांचाच आला. आमच्या गल्लीत तीन बायकांच्या गर्भपिशव्या काढल्यात. तिन्ही वेळा गरज होती, हे मला अजून पटलेलं नाही. मी सात प्रश्न लिहून नेले होते.

"ऑपरेशननं आजार जाईल?"

"जड से नहीं जाएगा. परत येऊ शकतो. गोळ्या चालू राहतील."

"मग कापायचं कशाला?"

त्यांनी सीटीच्या फोटोवर बोट ठेवलं. सुजेवर गोळी चालते. पण सूज वर्षानुवर्षं येऊन-जाऊन इथला भाग घट्ट झालाय, वाट अरुंद झालीय. घट्ट झालेल्यावर गोळी चालत नाही. तेवढाच भाग काढून दोन टोकं जोडायची. लगेच जोडणं धोक्याचं वाटलं, तर काही महिने पोटावर पिशवी. शौच तिच्यात येईल. थांबलो तर एखाद्या दिवशी वाट पूर्ण बंद होईल आणि मग सगळं घाईत करावं लागेल.

पिशवीचं ऐकलं आणि मी वही पुढे सरकवली. "हे बघा. अडीच महिने एकदाही दुखलेलं नाही."

सर्जननी पानं उलटली. मग मिस्टरांच्या कमरेकडे पाहिलं. "भाऊ, पट्ट्याला हे नवं भोक कधी पाडलं?"

मिस्टरांनी सदरा पट्ट्यावर ओढला. दीर हसला.

"वैनी, दुखते म्हनलं का तुमी एक पदार्थ काटता. मंग कोन सांगन?"

"एकोणीस झाले होते," मिस्टर म्हणाले. "आता अंडे बी जातीन म्हनून..."

"किती वेळा दुखलं?" मी विचारलं.

"कवा नाई दुखलं, ते विचार."

"आणि उलट्या?"

"धानाच्या बांधीवर जाऊन करत होतो."

मी दिराकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तं चूळ भराले पानी देत होतो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी लिहून घेतलं असतं, वैनी."

सर्जननी आम्हाला बाहेर बसून नीट आठवायला सांगितलं. बाकावर मी लाल पेन काढलं. मिस्टर सांगत गेले, दीर दुरुस्त करत गेला. पोळ्याचा दिवस: कळा. लवकर येणाऱ्या हलक्या धानाच्या कापणीचा आठवडा: तीनदा उलटी. मी रागात होते. पण आठवडाभर माणूस अर्धी पोळी टाकून उठत होता आणि मी त्यापुढे 'बरं' लिहीत होते, हेही दिसत होतं.

पुन्हा आत गेलो. सर्जननी लाल खुणा वाचल्या. मिस्टरच म्हणाले, "पाटात गाळ साचला तं उपसता येते. पाटच बसला तं पानी कुठून जाईन? करा ऑपरेशन."

मी सातवा प्रश्न विचारला: लाखोळीमुळे झालं का? सर्जन म्हणाले, सालीचं आणि धाग्याचं खाणं ऑपरेशनपर्यंत नको, वाट अरुंद आहे म्हणून. पण लाखोळीनं ती अरुंद झालेली नाही. मी मान हलवली. मनात म्हटलं, बघू.

आज शुक्रवार. भरती येत्या सोमवारी. तयारीची यादी केली आहे. रिपोर्ट, थर्मास, दोन लुंग्या, रक्त द्यायला येणाऱ्या दोघांचे फोन: सगळ्यांपुढे खूण झाली. शेवटच्या ओळीपुढे नाही: दारावरचा कागद काढणे.

काल जेवणानंतर विचारलं, "दुखतंय का?" मिस्टरांनी आधी दाराकडे पाहिलं, मग म्हणाले, "थोडं."

त्यानंतर मी दोनदा त्या कागदाच्या टेपला नख लावलं. एक कोपरा सुटलाय. पहिल्या ओळीवर लाखोळीचं नाव आहे, आणि कागद अजून दारावरच आहे.