खडकी नाल्यावरचा रपटा

विमलताई गावंडे लग्न होऊन आमच्या गावात आल्या त्या राजूरहून. वणीकडचं ते कोळशाचं गाव. वडील खाणीत कामाला. दारासमोरून दिवसभर ट्रक जायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसायची. जिथे रस्ता पोचत नाही असं ठिकाण त्यांनी लहानपणी पाहिलंच नव्हतं. सासरी आल्यावर पहिल्याच श्रावणात किसनराव त्यांना वावर दाखवायला घेऊन गेले, नाल्याच्या काठावर थांबले आणि पलीकडे बोट दाखवलं. "ते तिकडचं बी आपलंच हाय," ते म्हणाले. मधून गढूळ पाणी जोरात चाललं होतं. तिकडे जायचं कसं, असं विमलताईंनी विचारलं. पाणी उतरलं की, असं उत्तर मिळालं.

घाटंजीहून आत वळलं की आमचं गाव, आणि गावाचं शिवार चिरत जाणारा हा खडकी नाला. गावंडेंची जमीन त्याच्या दोन्ही अंगाला. अलीकडची मुरमाड, पलीकडची काळी आणि कसदार. पण पावसाळ्यात पलीकडे निंदायला मजूर बाया येत नसत. कमरेएवढ्या पाण्यातून जीव मुठीत धरून कोण जाईल? फिरून जायचं तर बंजाऱ्यांच्या तांड्याकडून मोठा फेरा. मग किसनराव चांगल्या जमिनीत तूर पेरून तिला देवावर सोडत आणि कपाशी मुरमाड जमिनीत लावत. हा उलटा कारभार विमलताईंना कधीच पटला नाही. त्या बोलत राहायच्या, किसनराव सुपारी कातरत ऐकत राहायचे.

मुलं शिकून यवतमाळला लागली तशी विमलताईंना थोडी उसंत मिळाली. एका उन्हाळ्यात त्यांनी कोणालाही न विचारता जेसीबी बोलावला, नाल्यात सिमेंटचे पाइप टाकून घेतले आणि वर मातीचा भराव घातला. जमीन आपली, दोन्ही काठ आपले, विचारायचं कोणाला, असा त्यांचा हिशोब. पाणी पाइपातून जाईल, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. आषाढात एक मोठा पाऊस झाला. वाहून आलेल्या काटक्या आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पाइपांच्या तोंडाशी अडकल्या, पाणी तुंबलं आणि वरच्या अंगाला असलेल्या हरिसिंग राठोडांच्या सोयाबीनमध्ये शिरलं. भराव तर वाहून गेलाच, पण त्याआधी हरिसिंगांचं खालचं पीक सडलं. हरिसिंग तांड्यावरचे, कष्टाळू आणि कमी बोलणारे. भांडायला ते आले नाहीत, सरळ तहसिलात तक्रार देऊन आले.

नोटीस आली तेव्हा किसनरावांचा चेहरा उतरला. विमलताई ओसरीवर बसून ती मोठ्याने वाचत होत्या. काठ तुमचे असले तरी नाल्याचं पात्र शासनाचं आहे, परवानगीशिवाय त्यात कोणतंही बांधकाम करू नये, असा मजकूर होता. तेवढ्यावर त्या थांबल्या, पुन्हा एकदा वाचलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"अहो, ऐकलं काय? परवानगीशिवाय करू नये म्हन्ते. म्हंजे परवानगी भेटते!"

इतकी वर्षं नाला म्हणजे देवाने घातलेला अडसर असं सगळं घर समजून चाललं होतं. त्यावरून वाट काढायला मंजुरी नावाची गोष्ट असते, ती मागता येते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दंडाची भीती घालायला आलेला कागद हातात घेऊन ही बाई शेजारी घरोघर आनंदाने सांगत फिरली. आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्याच दिवशी त्या घाटंजीला गेल्या. तहसिलातल्या कारकुनाने सुरुवातीला टाळलं, पण विमलताई समोरच्या बाकावरून हलेनात. शेवटी त्याने नीट समजावून सांगितलं. आधी ग्रामसभेचा ठराव. मग अभियंत्याची जागेवर पाहणी. शेजारच्या खातेदारांची हरकत नसावी. हे सगळं जुळलं की तहसीलदारांची मंजुरी. विमलताई संध्याकाळच्या ऑटोने परत आल्या त्या सगळं तोंडपाठ करून, आणि गावात शिरल्या शिरल्या सरपंचांच्या दारात उभ्या राहिल्या. सरपंच म्हणाले, आधी पाहणी होऊ द्या, मग ग्रामसभेत घेऊ.

पाहणीला यवतमाळहून अतिया शेख नावाच्या तरुण अभियंता आल्या. थंडीचे दिवस होते, नाल्यात घोट्याएवढं पाणी उरलं होतं. विमलताईंनी आपली जागा दाखवली, तीच, पाइपांची. नाला तिथे सगळ्यात अरुंद, म्हणून काम कमी. अतिया मॅडमनी काठाची माती हातात घेऊन चुरली आणि मान हलवली. अरुंद जागी पाण्याला जोर येतो, काठ भुसभुशीत आहेत, इथे मंजुरी मिळणार नाही, त्या म्हणाल्या. मग बूट काढून त्या पात्रातूनच वरच्या अंगाला चालू लागल्या. विमलताई पदर खोचून मागे. काठावरून हरिसिंगही चालत होते, हरकत नोंदवायला आलेले, हात मागे बांधून.

एका वळणावर पात्र रुंद झालं होतं आणि तळाला सलग खडक उघडा पडला होता. अतिया मॅडम तिथे उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की इथे पाइप नकोत आणि उंच भरावही नको. खडकावरच, पात्राच्या बरोबरीने, दगड-सिमेंटचा सपाट रपटा करायचा. पूर आला की पाणी त्याच्यावरून पसरून निघून जाईल, तुंबणार नाही. पूर ओसरला की वाट मोकळी. पावसाळ्यातले मोजके दिवस सोडले तर वर्षभर जाता येईल.

विमलताईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे त्या मुलीचे दोन्ही हात धरले. मग त्यांच्या लक्षात आलं. इकडचा काठ त्यांचा होता, पण समोरचा काठ हरिसिंगांचा. रपटा उतरून आपल्या काळ्या जमिनीत जायचं तर हरिसिंगांच्या धुऱ्याने, म्हणजे त्यांच्या बांधावरून, जावं लागणार होतं. त्यांनी काठावर पाहिलं. हरिसिंगांनी फक्त मान आडवी हलवली आणि ते तांड्याकडे चालायला लागले.

"त्यांच्या संमतीशिवाय नाही होणार," अतिया मॅडम म्हणाल्या. "पण जागा हीच आहे. मी अहवालात तसंच लिहीन."

घरी आल्यावर किसनराव म्हणाले की आता सोडून दे. विमलताईंनी जेवण केलं नाही. चार दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळीच त्या तांड्यावर हरिसिंगांच्या घरी जाऊन पोचल्या.

तिथे काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. हरिसिंग अंगणात दोर वळत बसले होते, त्यांच्या बायको मानीबाई संभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. विमलताईंनी रपट्याचं सगळं सांगितलं, पाणी कसं वरून जाईल, तुंबणार कसं नाही. हरिसिंगांनी ऐकून घेतलं.

"मागच्या येळेसही तुमी असंच म्हनत होत्या, ताई. पानी पाइपातून जाईन म्हनून."

 "होय," त्या म्हणाल्या. "म्हनत होती. तवा मले काही समजत नव्हतं. तुमचं पीक माह्यामुळं सडलं, अन् मी तुमच्या दारात एकदाही आली नाही. ते माहं चुकलं."

हरिसिंगांचा हात दोरावर थांबला. मानीबाईंनी चहा ठेवला. चहा पिताना विमलताईंनी विचारलं, बाजाराला भाजी कशी नेता? मानीबाई म्हणाल्या, डोक्यावर, फेऱ्याच्या वाटेने फाट्यापर्यंत. उन्हाने पालेभाजी माना टाकते. तेव्हा विमलताई म्हणाल्या, रपटा झाला तर आमच्या वावरातून पांदणीच्या रस्त्यापर्यंत बैलबंडीची वाट मी सोडते, कायमची. तुम्ही तुमचा धुरा द्या, मी माझी वाट देते. हरिसिंग उठून गोठ्याकडे गेले.  मानीबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या.

ग्रामसभा ग्रामपंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली भरली. एरवी गणपूर्तीसाठी माणसं गोळा करावी लागतात, त्या दिवशी मात्र भिंतीवरही लोक बसले होते. सरपंचांनी अहवाल वाचला. लगेच कुजबुज सुरू झाली. एकाच्या वावरातल्या वाटेसाठी गावाने ठराव कशाला करायचा? उद्या प्रत्येक जण आपापला पूल मागेल. विमलताई उठून उत्तरं देत होत्या. एकाला सांगत होत्या की मागू दे, मागायलाच पाहिजे. दुसऱ्याला सांगत होत्या की खर्च आम्ही करू, गावाची फक्त मान्यता हवी. त्यांचा आवाज चढत गेला, हात हलत होते, केसांची बट सुटून कपाळावर आली होती. मी त्यांच्या मागेच बसलो होतो.

मग हरिसिंग उभे राहिले.  ते म्हणाले, आपली हरकत आहे. मागे नुकसान झालं, पुन्हा होणार नाही कशावरून? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. सरपंचांनी पेन खाली ठेवलं. विमलताई खाली बसल्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने मानीबाई उठल्या. आमच्या ग्रामसभेत त्यांना बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नीट करून त्या नवऱ्याकडे न पाहता बोलू लागल्या.

"वावर आमच्या दोघायच्या नावावर हाय. मागच्या खेपेले सडलेलं पीक मी ह्या हातानं उपटलं, म्हनून भेव मलेही हाय. पन मी परवा जाऊन तो खडक पाह्यला. रपटा त्याच्या बरोबरीनं बसन, वर येनार नाही. अन् ताई आमच्या दारात येऊन चुकलं म्हनली. मले बाजाराले जायले वाट पाह्यजे. मी होय म्हनतो."

हरिसिंग बायकोकडे पाहत उभेच राहिले. मग ते सरपंचांना म्हणाले की एक अट लिहा: वावरात पाणी साचलं तर रपटा फोडायचा. सरपंच लिहायच्या आत विमलताई म्हणाल्या, "मी सोता फोडीन." हरिसिंग खाली बसले. हात वर करा म्हटल्यावर कडुनिंबाखाली एवढे हात वर झाले की सरपंचांनी मोजायचं सोडून दिलं.

मंजुरी फाल्गुनात आली. विमलताईंनी ती घाटंजीच्या बसस्थानकावर वाचली, ऑटोत वाचली, आणि गावात उतरल्यावर सगळ्यांना वाचून दाखवली. दोन्ही घरांनी मिळून काम काढलं. दगड हरिसिंगांच्या वावरातला, वाळू-सिमेंट गावंडेंचं. अतिया मॅडम मध्ये येऊन उतार तपासून गेल्या. एरवी सुपारी कातरत बसणारे किसनराव भर वैशाखात डोक्याला दुपट्टा बांधून गवंड्यांना पाणी पोचवत होते, आणि दुपारच्या सावलीत हरिसिंगांशी कापसाच्या वाणांवर वाद घालत होते. मृगाच्या आत रपटा झाला. उंची अशी की लांबून पाहिलं तर नाल्यात काही बांधलंय असं वाटू नये.

पण खरी परीक्षा पाण्याची होती. ती आषाढाच्या शेवटी आली. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी नाल्याचा आवाज गावापर्यंत ऐकू यायला लागला. आम्ही सगळे छत्र्या, घोंगड्या, खताच्या रिकाम्या पिशव्या डोक्यावर घेऊन धावलो. रपटा दिसतच नव्हता. त्याच्यावरून मातकट पाणी आडवं पसरून धावत होतं. झाडाच्या फांद्या येत होत्या आणि न अडकता वरून निघून जात होत्या. पलीकडे हरिसिंग आपल्या धुऱ्यावर उभे होते, नजर सोयाबीनच्या पहिल्या ओळीवर. इकडे विमलताई भिजत उभ्या, हातात खरोखरच सब्बल, रपटा फोडायची लोखंडी पहार. किसनरावांनी ती घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिली नाही.

पाणी चढलं. हरिसिंग एक पाऊल मागे सरले. अजून चढलं, काठावरच्या रुईची झाडं बुडाली.  मग बराच वेळ पाणी आहे तिथेच राहिलं, आणि दुपारी रुईची पानं पुन्हा वर आली. हरिसिंगांनी पिकात शिरून वाकून माती पाहिली. सरळ होऊन त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हलवले, पाणी शिरलं नाही म्हणून. इकडच्या काठावर जो गलका उठला तो तांड्यापर्यंत गेला असेल.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. रपट्यावर गाळ होता, तो विमलताई आणि मानीबाईंनी दोन बाजूंनी खराट्याने झाडत आणला आणि मध्यावर दोघी भेटल्या. त्याच आठवड्यात निंदायला मजूर बाया चपला हातात न घेता पलीकडे गेल्या. काळ्या जमिनीत त्या वर्षी पहिल्यांदा कपाशी उभी होती, आणि दिवाळीनंतर ती अशी फुटली की वेचणाऱ्या बायांच्या ओट्या भराभर भरत होत्या.

विमलताईंचं आता अठ्ठावन्नावं वर्ष चालू आहे. कापूस न्यायला भाड्याची गाडी वेळेवर येत नाही म्हणून गेल्या महिन्यात त्या ट्रॅक्टर शिकल्या. परवा मी पांदणीत उभा होतो. समोरून ट्रॅक्टर आला, स्टिअरिंगवर विमलताई, मागे ट्रॉलीत कापसाच्या गाठोड्यांवर मानीबाई मेथीच्या पाट्या सांभाळत बसलेल्या, आणि मडगार्डवर किसनराव, एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरून. हळू घे, हळू घे, असं ते सांगत होते. विमलताईंनी माझ्याकडे पाहून हात हलवला आणि वरचा गिअर टाकला.