रहांगडालेबाबू आणि तारेचं मशीन

तारघरात नोकरी करा, किस्से शोधायला जावं लागत नाही. गावाची सुखदुःखं आधी आमच्या टेबलावरून जायची. पंचाईत एकच, त्यातलं कोणाला सांगायचं नाही! रुजू होताना तशी शपथच घ्यावी लागे. आता सगळेच रिटायर झालो, म्हणून आमच्या गोंदियाच्या तारबाबूंचं, रहांगडालेबाबूंचं सांगतो. स्वातंत्र्याला चार-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट.

*

ड्यूटी संपल्यावर आम्ही दोघं स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. बाबू गप्प, पण बोटं टेबलावर कट्टकट्ट वाजत होती. दिवसभर घेतलेला मजकूर असा बोटांतून निघायचा. सगळ्याच तारबाबूंना ही खोड. बाजूला रेल्वेचा एक जुना तारबाबू चहा पीत होता. ती कट्टकट्ट त्यानं कानांनीच वाचली, कप तसाच ठेवून उठला आणि तडक बाजारात गेला. कलकत्त्याला तांदळाचा भाव चढल्याची तार एका व्यापाऱ्याला आली होती, ती तासाभरात साऱ्या बाजाराला ठाऊक!

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांपुढं बाबू कळवळून सांगत होते, "साहब, मैंने किसी से एक लफ्ज नहीं कहा!"

पोस्टमास्तर म्हणाले, "मुँह ने नहीं कहा, हाथ ने कह दिया! मशीन छोड़ो, अब लिफाफे चिपकाओ. भरोसा होगा, तब देखेंगे."

*

मग काय, हॉटेलवाल्याला चेव आला. "का जी बाबू, आज कोनता भाव?" बाबू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. समोर चहा थंड व्हायचा, कारण कप उचलायचा तर हात काढावा लागणार! आम्ही हसायचो. पण खरं सांगतो, जीव तुटायचा. इतका हुशार माणूस, पंगतीतून उठवल्यासारखा कोपऱ्यात खळ लावत बसलेला.

*

कुडव्याला एकदा शिपाई तार घेऊन गेला. त्याला पाहताच घरात रडारड सुरू! तार वाचली, तर पोरगा नोकरीला लागला होता. म्हातारी शिपायावरच उखडली, "मंग दुरूनच वरडत काऊन नाही आला?"

"आजी, वरडलो तं माझीच नोकरी जाते!"

ऑफिसात सगळे पोट धरून हसले. बाबू तेवढे हळूच म्हणाले, "याच्यावर भरवसा आहे लोकांचा. माझ्यावर कधी बसेल गा?"

*

एका दुपारी नवा तारबाबू मशीनवर मजकूर घेत होता. रहांगडालेबाबू कोपऱ्यात लिफाफे चिकटवत होते. कान काही बंद करता येत नाहीत! मी पाहिलं, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ नागपूरच्या दवाखान्यात वारला होता. तार दवनीवाड्याला, सासऱ्यांच्या नावानं होती. ज्याच्या नावाची तार, त्याच्या हातात पडल्याशिवाय ती दुसऱ्या कोणाला सांगायची नाही, हा नियम.

शिपाई सायकलीवर दवनीवाड्याला निघाला आणि बाबू घरी जेवायला गेले. वहिनींनी वाढलं. दादा बरा होऊन आला की त्याला चार दिवस इथंच ठेवून घेऊ, म्हणाल्या. बाबूंनी मान हलवली, जेवले, परत येऊन कामाला लागले. संध्याकाळी दवनीवाड्याहून माणूस आला, तेव्हा वहिनींना कळलं.

तेरावं झाल्यावर वहिनी स्वतः पोस्टात आल्या. पोस्टमास्तर उठून उभे राहिले. वहिनी रडल्या नाहीत, बसल्याही नाहीत.

"साहेब, यायले मशीनवर बसवा. माझा भाऊ गेला, हे यायले दुपारीच माहीत होतं. माझ्या हातचं जेवून गेले, पन मले नाही सांगतलं. आता आनखी कोनता भरवसा पायजे तुमाले?"