काकवी लावलेली मरळ

माझ्या थोरल्या जावेला मी अजून माफ केलेलं नाही. ती जाऊन कितीक वर्षं झाली, म्हणून काय झालं? मेलेल्या माणसाला सगळं माफ असतं म्हणतात; असं म्हणणाऱ्याला जाऊ नसणार.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, माझ्या लग्नाला एकच. सासरी ऊस होता, थंडीत रानात आमचंच गुऱ्हाळ चालायचं, आणि तिथं हुकूम जावेचा. माझे वडील, आबा, नदीकाठच्या गावाहून चालत आले. ओल्या फडक्यात गुंडाळून नदीतले दोन मासे, मरळी, आणलेले, लेकीला आवडतात म्हणून. जावेनं मांडवातूनच हात केला.

"पावणं, तितंच थांबा! काहिलीत रस उकळतोय. ह्यो वास हितं नगो. आन घरात बी शिजायची न्हाय, आत्ताच सांगते."

"मग काय करू म्हणता, बाई?"

"न्या की माघारी. तुमच्या नदीत सोडा."

आबा हसले, पण पाय वळले होते. मला धडकी भरली. माझ्या बहिणीच्या घरून ते असेच एकदा उपाशी उठून गेले होते, आणि पुन्हा तिचा उंबरा चढले नव्हते. मी म्हटलं, "आबा, ओढ्याकाठी बसा. जेवल्याबिगर जायचं न्हाय."

ओढ्याच्या काठाला तीन दगड मांडले. मरळी राखेनं चोळून धुतल्या, चिरा दिल्या, मीठ, हळद, कांदालसणाची चटणी भरली. जाळ बाभळीचा, आणि त्यावर उसाची ओली चिपाडं. ओल्या चिपाडाचा धूर गोडसर असतो. त्या धुरात मरळी काटकीवर लटकत ठेवल्या, तांब्यासारखा रंग चढेपर्यंत. आता वरून काकवी हवी. गूळ व्हायच्या आधीचा तो दाट पाक. ती गुऱ्हाळावर, आणि जाऊ मला ती देणार कशाला!

पण गुऱ्हाळाची एक रीत आहे. भांडं घेऊन आलेल्याला रिकामं परत लावत नाहीत, वाटसरू असो नाहीतर वैरी. लावलं तर गूळ घट्ट बसत नाही म्हणतात. मी आबांच्याच हातात तांब्या दिला. जावेचं तोंड असं झालं! मांडवाबाहेर येऊन तिनं हातभर उंचीवरून काकवी ओतली.

"घ्या. भिकाऱ्याला न्हाय म्हनू नये."

आबांनी तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला आणि जाळाकडं बघत राहिले. मी काकवीत तिखट आणि चिंचेचा कोळ कालवला. उसाच्या वाढ्याचा, शेंड्याच्या पानांचा, कुंचा करून तीनदा हात फिरवला, अगदी शेवटी. आधी लावली तर करपते. कातडं चकाकायला लागलं. भाकरीवर एक मरळ वाढली, आबांनी घास उचलला, तोच जाऊ पाय आपटत आली.

"गुळाचा रवा बसंना! समदा गूळ चिघळला! ह्या पावण्याच्या हाताचा इटाळ!"

"अक्का, काकवी वतली कुणी? तुमीच की. आबा मांडवात आलंबी न्हाईत. गूळ करनाऱ्या गुळव्याला इचारा, रसात चुना किती टाकला त्ये."

"उलटं बोलतीस व्हय गं?"

"व्हय. बोलते."

आबांनी घास खाली ठेवला आणि उठायला हात टेकला. मी त्यांच्या धोतराचा सोगा गुडघ्याखाली दाबून बसले. "आबा, उठायचं न्हाय. खावा."

ते खाली बसले. जाऊ तिथंच उभी, तिची सावली भाकरीवर. "काटा अडकला तर पानी मागू नगा," ती म्हणाली.

आबांनी सावकाश घास गिळला. "बाई, मरळीला काटं कमी असत्यात. तुमच्या बोलन्यापरीस तर लईच कमी."

दुसरी मरळ मी तिच्यादेखत खाल्ली. वासानं तिचं लक्ष सारखं जाळाकडं वळत होतं. एक तुकडाही विचारला नाही मी. इतकी चवदार मरळ पुन्हा खाल्ली नाही, खोटं कशाला बोलू.

आबा पुढच्याच महिन्यात परत आले. मला एवढंच हवं होतं. जावेशी बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच. संक्रांतीला तिनं सगळ्यांसमोर तिळगूळ पुढं केला, गोड बोल म्हणाली. मी घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत गाईपुढं ठेवला.