धोका: गंभीर

माणिकपूरच्या एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये मी लॅब असिस्टंट होते. म्हणजे कागदोपत्री असिस्टंट; सर्व्हर सांभाळायचा मीच. लिनक्सच्या त्या एकाच मशीनवर सगळ्या विद्यार्थ्यांची खाती होती आणि त्यांचे परीक्षेचे गुणही.

एक दिवस ई-मेलवर सूचना आली. सिस्टिमच्या गाभ्यात चूक सापडली होती. साधं खातं असलेला कुणीही तिचा फायदा घेऊन रूट, म्हणजे अख्ख्या मशीनचा मालक, होऊ शकत होता. आपल्याला यापासून किती धोका आहे ते संचालक सरांनी लिहून मागितलं. उत्तर त्यांनी आधीच ठरवलं होतं: किरकोळ. इंटरनेट दिवसातून तासभर चालायचं, मग बाहेरचा येणार कुठून? आणि आतली सगळी आपलीच मुलं, अर्नाळ्याची नाहीतर चिंचोटीकडची.

मी ऐकीव गोष्टींवर सही करत नाही. एका जुन्या पीसीवर तीच सिस्टिम टाकली, विद्यार्थ्याचं साधं खातं उघडलं आणि ती चूक वापरून दाखवणारा, सूचनेसोबत आलेला प्रोग्राम चालवला. डोळ्याचं पातं लवायच्या आत मी रूट. पासवर्ड कुणी विचारलाही नाही. अहवालात मी 'गंभीर' लिहिलं आणि परीक्षेआधी सर्व्हर दोन तास बंद ठेवून दुरुस्ती करायला सांगितलं.

सर भडकले. परीक्षा आठवड्यावर आली होती, पालकांना कळलं तर अब्रू जाईल म्हणाले. मग म्हणाले, "तुझा आपल्या मुलांवर विश्वास नाही?"

हे मात्र मला झोंबलं. त्या मुलांना माउस धरायला मी शिकवलं होतं.

"विश्वास आहे, सर. उद्या कुणाचे गुण बदलले, तर संशय त्यांच्यावरच येणार. तो येऊ नये म्हणूनच लिहिलंय."

त्यांनी 'किरकोळ' असा नवा अहवाल टाइप करून माझ्यापुढे सरकवला. मी पेनाला हातही लावला नाही. माझाच अहवाल घेऊन ऑफिसात गेले, आवक वहीत नोंदवला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. आमच्याकडे तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. आवक क्रमांक पडला की मला माहीतच नव्हतं, असं साहेबालाही म्हणता येत नाही.

तासाभराने सरांनी, माझ्याकडे न बघता, रविवारी येऊन काय ते कर म्हणून सांगितलं. रविवारी सगळे चर्चमध्ये मिस्साला गेले असताना मी दुरुस्ती केली आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला. या वेळी मशीनने परवानगी नाकारली. मी एकटीच मोठ्याने हसले.

परीक्षा सुरळीत पार पडली. निकाल लागल्यावर मला कामावरून कमी केलं. कारण लिहिलं होतं, वरिष्ठांचा अवमान. ते पत्र मिळाल्याची सही करताना मी खाली एक ओळ वाढवली: अहवाल मागे घेतलेला नाही.