माळ्यावरची खोकी आणि कॉम्प्युटरातली

सन २००६. मला बासष्टावं लागलं होतं. मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला त्याला दोन-अडीच वर्षं झाली होती. नात तिकडेच जन्मली. त्याचा कॉम्प्युटर तेवढा आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या घरात राहिला.

माझं शिक्षण चौथी. तरी तो कॉम्प्युटर मी चालवायला शिकलो, कुणाच्या हातापाया न पडता. जायच्या आधी मुलाने त्यात फुकट मिळणारी सिस्टीम टाकली होती. तिचे प्रोग्राम नेटवरून पॅकेज बनून येतात. प्रोग्राम बसला की वापरायचा, पण आलेलं पॅकेज आत एका कप्प्यात तसंच पडून राहतं. केबलवाल्याचं नेट तेव्हा रडतखडत चालायचं. कित्येक संध्याकाळी मुलगा त्या खुर्चीत बसून, "बाबांना हे लागेल, आईला ते लागेल" म्हणत एकेक उतरवून घेत होता. मी शेजारी चहा पीत बसायचो. बोलणं फारसं नसायचं. पण बसलेलो असायचो.

एका रविवारी दुपारी त्याने कळवलं, मुलगी चालायला लागली, व्हिडिओ पाठवलाय. उतरवायला गेलो तर डिस्क भरलेली. मोबाईलवर त्याला सांगितलं.

"बाबा, पॅकेजं साठलीत. एक ओळ सांगतो, टाइप करा, सगळी निघतील."

"मग प्रोग्राम जातील."

"नाही जाणार. टीव्हीचं खोकं फेकलं तर टीव्ही बंद पडतो का?"

"खोकं मी फेकलेलंच नाही."

आमच्या घरात खोकं फेकत नाहीत. टीव्हीचं, मिक्सरचं, कॉम्प्युटरचं, सगळी थर्माकोलसकट माळ्यावर. घर बदलायचं झालं तर सामान घालणार कशात? परळची खोली सोडून इथे आलो तेव्हा जुनी खोकीच कामाला आली.

"लागली तर परत उतरवता येतात, बाबा."

"उतरवणार कोण?"

"बघा तुम्ही," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि मी माझ्या पद्धतीने जागा करायला बसलो. माझी भजनं पुसली. पत्त्यांचा खेळ काढला. तरी जागा पुरेना. बायको पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"माळ्यावर खोकी, कॉम्प्युटरात खोकी. नातीने चालायचं कुठे?"

"तो परत आला की लागतील."

"अहो, तो येईल तेव्हा स्वतःचा लॅपटॉप घेऊन येईल. आणि चार दिवसांनी जाईल." मग म्हणाली, "मला पोरगी बघायचीय. तुमची डिस्क रिकामी होईपर्यंत ती काय चालायची थांबणार आहे?"

मी मुलाला परत फोन लावला. तो एकेक अक्षर सांगत गेला, मी एका बोटाने दाबत गेलो. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटेना, म्हणून कीबोर्ड बिघडला म्हटलं, तर तो हसला. ह्या खुर्चीत बसून हसायचा तसाच. मी एंटर दाबलं. आवाज नाही, काही नाही. त्याने कित्येक संध्याकाळी बसून उतरवलेलं सगळं पापणी लवायच्या आत गेलं. प्रोग्राम मात्र जागच्या जागी होते.

मग व्हिडिओ उतरला. नात सोफ्याला धरून उभी होती. तिने हात सोडला आणि आमच्याकडे चालत आली. म्हणजे कॅमेऱ्याकडे. अगदी जवळ आली आणि व्हिडिओ संपला.

"परत लावा," बायको म्हणाली. मी परत लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन माळ्यावरची खोकी खाली काढली आणि भंगारवाल्याला वर बोलावलं. टीव्हीचं दिलं, मिक्सरचं दिलं. त्याने कॉम्प्युटरच्या खोक्याला हात घातला.

"चाचा, ये बडावाला?"

"वो रहने दे."

तो गेल्यावर ते खोकं फडक्याने पुसलं, नवी सुतळी बांधली आणि परत माळ्यावर ठेवलं.