करारात न बसलेली आजी

माझ्या आईबाबांचा तंटा वर्ध्याच्या कोर्टात चालू होता तेव्हा मी चौथीत होते. बाबा पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर, आई सावंगीच्या दवाखान्यात कारकून. आम्ही दोघी बोरगाव मेघेत दोन खोल्यांत राहायचो. वेगळं व्हायचं यावर दोघांचं एकमत होतं. मी आईकडं राहायचं हेही ठरलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की बाबांनी मला कधी आणि कुठं भेटायचं. त्यावर तारखांमागून तारखा पडत गेल्या आणि शेवटी न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं.

मध्यस्थ म्हणजे एक वयस्क वकील होते. मध्यस्थीचं शिक्षण नुकतंच घेऊन आलेले, गोड बोलणारे. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मी बाहेर बाकावर बसले होते. आत काय झालं ते मला पुढं आईनं बरेचदा सांगितलं, कारण तिला त्या दिवसाचं कौतुक होतं. बाबांना दर महिन्याला पुण्याहून येणं जमत नव्हतं. आईला बाबांचं तोंड पाहायचं नव्हतं. वकीलसाहेबांचा मुलगा अमेरिकेत होता आणि ते त्याच्याशी कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर बोलायचे. ते म्हणाले, आता जग बदललं आहे, भेटीसाठी गाडीत बसायलाच पाहिजे असं कुठं आहे? दर रविवारी सकाळी सायबर कॅफेत बाप-लेकीची भेट, असं ठरलं. दोघांनी सह्या केल्या. बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता तुझे बाबा दर आठवड्याला भेटतील हं." मला काय पाहिजे, हे त्यांनी विचारलं नाही.

पण करारात एक माणूस राहून गेलं. माझी आजी, बाबांची आई. ती पवनारला राहायची, आमच्यापासून बसनं अर्ध्या तासावर. तंटा सुरू होण्याआधी प्रत्येक सुट्टीत मी तिच्याकडं असायची. ती मला शेतात न्यायची, धाम नदीच्या काठावर बसवून स्वतः कपडे धुवायची, आणि मी किती बडबड केली तरी तिला कंटाळा यायचा नाही. बाबा येणार असते तर ती त्यांच्याबरोबर आली असती. आता बाबा येणारच नव्हते. पुण्याहून बाबा दिसायचे, आणि पवनारची आजी दिसायची नाही.

कॅफेत प्लायवूडच्या खोक्यांसारख्या खोल्या होत्या. आई मला एकीत बसवून बाहेर दुकानाच्या पायरीवर थांबायची. बाबांचं चित्र अडकत अडकत यायचं. अभ्यास काय म्हणतो, जेवली काय, एवढं झालं की बोलणं संपायचं. मग बाबा घड्याळाकडं बघायचे. ते त्यांना वाटायचं मला दिसत नाही.

एका रविवारी आई पायरीवरच थांबली आणि मी एकटीच आत गेले, तर आजी तिथं स्टुलावर बसलेली. बाबांकडून तिनं वेळ विचारून घेतली होती आणि पहिल्या बसनं आली होती. पिशवीत माझ्यासाठी बोरं होती. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग तिचं लक्ष पडद्याकडं गेलं.

"हा बोलत काऊन नाई?" तिनं विचारलं.

आवाज माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये होता. मी तो काढून तिच्या कानाला लावला. बाबा तिला काहीतरी समजावत असावेत. ती ऐकत राहिली आणि मग पडद्याला म्हणाली, "तू तिथून पोरीले पाहून राह्यला, मी इथून पाह्यलं तं काय बिघडते?"

तेवढ्यात आई आत आली. ती ओरडली नाही. आजीच्या हातातून हेडफोन घेऊन तिनं टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "कागदावर तुमचं नाव नाई."

"मी कागदावर काऊन राहू? मी आजी आहो तिची."

आईनं संध्याकाळी वकीलसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, ठरल्याबाहेरचं काही सुरू झालं तर सगळंच विस्कटेल, तेव्हा तूर्त नको. बाबांनीही आजीला तसंच कळवलं. ते भांडले असते, अर्ज केला असता, तर काही झालं असतं की नाही मला माहीत नाही. पण ते भांडले नाहीत. त्यांना रविवार सोयीचा होता. आजी पुन्हा आली नाही.

पुढं मी सातवीत असताना लागोपाठ दोन रविवार भेट झाली नाही. बाबांकडचं नेट बंद आहे, असा निरोप होता. तिसऱ्या रविवारी पडदा उजळला आणि बाबांचं डोकं भादरलेलं दिसलं. मी विचारायच्या आत त्यांनी सांगितलं, "आजी गेली. तेरवी करूनच निघालो."

"म्हणजे तुम्ही इथं होते?"

"हो, पवनारलाच."

"मग मला न्यायला काऊन नाही आले?"

चित्र अडकलं. मग आवाज आला, "तुझ्या आईला उगाच त्रास नको, म्हटलं."

मी बाहेर आले आणि आईला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. दवाखान्यात पवनारच्या बाया कामाला होत्या. आजी गेली त्याच दिवशी तिला कळलं होतं. "तुझी परीक्षा होती," ती म्हणाली.

त्यानंतर मी त्या खोलीत बसायला नकार दिला. मग पुन्हा वकीलसाहेबांकडं जाणं झालं. या वेळी त्यांनी मला एकटीला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तुला काय पाहिजे?"

मला पाहिजे होतं ते आता देण्यासारखं कोणाजवळच नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही."

त्यांनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर लिहून घेतलं, की मुलीची कोणतीही मागणी नाही.