बंद घरात फिरणारी चकती

फातिमाच्या नवऱ्याचा, इद्रीसचा, फोन नेहमी शुक्रवारी, नमाजानंतर येई. २००३ सालच्या मार्च महिन्यात मात्र तो मंगळवारीच आला. सौदीतल्या दम्मामच्या त्याच्या कंपनीने ओव्हरटाइम बंद केला होता.

"रमजानपर्यंत अर्धेच पैसे येतील," इद्रीस म्हणाला. "खर्च जरा आवर. लाइटबिल केवढं येतं आपलं!"

घर खाडीच्या वरच्या अंगाला होतं, चिरेबंदी, खाली चार खोल्या आणि वर दोन. एसी, गिझर, फ्रीज सगळं इद्रीसने हौसेने घेतलेलं. आत राहणाऱ्या दोघीच, फातिमा आणि तिची अकरा वर्षांची मुलगी आयात.

फातिमा हट्टी बाई होती. एकदा ठरवलं की मागे बघणं नाही. एसीवर तिने जुनी चादर शिवून टाकली. गिझरचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली आणि परसात चूल मांडून नारळाच्या सोडणांवर आंघोळीचं पाणी तापवायला लागली. फ्रीज रिकामा करून पुसला, दार उघडं टाकलं. मासळी रोजच्या रोज, लागेल तेवढीच. संध्याकाळ झाली की मायलेकी स्वयंपाकघरातल्या एका ट्यूबखाली. आयात तिथेच अभ्यास करी, तिथेच जेवी. मे महिन्यात गार पाणी हवंसं झालं, की फातिमा तिला सुट्टे पैसे देऊन दगडी गडग्यापलीकडे मोठ्या जावेकडे बर्फ आणायला पाठवी.

ही मोठी जाऊ म्हणजे तूबा. इद्रीसचा थोरला भाऊ जुनेद सत्त्याण्णव साली लाँच उलटून गेला, तेव्हापासून ती जुन्या घरात एकटी राहायची. मूलबाळ नाही. आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून दोन घरांत आधीच वितुष्ट आलेलं, त्यामुळे फातिमाचं तिकडे पाऊल पडत नसे. तूबा मोटार लावलेल्या मशीनवर कपडे शिवी, आणि त्या वर्षी तिने कुठूनसा जुना फ्रीज आणून शाळेतल्या पोरांना बर्फाच्या कांड्या विकायला सुरुवात केली होती.

जूनमध्ये दोन महिन्यांचं बिल आलं. फातिमाने आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. जेमतेम चाळीस रुपये कमी झाले होते.

ती तडक रत्नागिरीला वीज मंडळाच्या कचेरीत गेली. "तुमचा मीटर पळतोय," असं तिने टेबलावर बिल ठेवत सांगितलं. तिथला माणूस शांत होता. म्हणाला, "मीटर तपासून देऊ. पण आधी एक करा. घरातलं एकूण एक बटण बंद करा आणि मीटरमधली चकती बघा. थांबली नाही तर वायरमनला बोलवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातला वायरमन काशीराम आला. त्याने एकेक खोली फिरून बटणं बंद केली, पंपाचा फ्यूज काढला. मग दोघं मीटरसमोर उभे राहिले. चकतीवरची तांबडी खूण डावीकडून आली, उजवीकडे गेली, पुन्हा आली. बंद घरात वीज खर्च होत होती.

काशीरामने मीटरपासून वायर धरली. ती भिंतीमागून उतरली, पाण्याच्या पाइपाशेजारी जमिनीत शिरली. त्याने जागोजागी उकरून पाहिलं आणि गडग्याशी येऊन उभा राहिला.

"भाबी," तो खाली मान घालून म्हणाला, "ही पलीकडे जाते."

फातिमा तिथेच पायरीवर बसली. मनात पहिलं आलं ते बर्फाचं. स्वतःचा फ्रीज बंद ठेवून ती स्वतःच्याच विजेचा बर्फ विकत घेत होती. चोर, असा शब्द तिच्या तोंडापर्यंत आला. पण काशीराम समोर होता. "इद्रीसला विचारते," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी फोन आला. तिने वायरचं विचारलं.

"मीच ओढली ती वायर," इद्रीस म्हणाला. "अठ्ठ्याण्णवला सुट्टीवर आलो तेव्हा. तू राजापूरला माहेरी होतीस. बिल थकून भाबीची लाइन कापली होती. ती काळोखात बसलेली बघवेना."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

फातिमाला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं.

दोन दिवस ती घरात फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी, सहा वर्षांत पहिल्यांदा, ती तूबाच्या ओटीवर गेली. तूबाने मशीन थांबवलं, लगबगीने चटई टाकली.

"बस गो. आज वाट चुकलीस?"

"वायरचं कळलं मला, भाबी."

तूबाला अर्थच लागेना. "कळलं म्हणजे? तूच तर द्यायला लावलीस. इद्रीस म्हणाला होता, फातिमाने सांगितलंय, तिला संकोच वाटतो म्हणून ती स्वतः येणार नाही. मी दर नमाजाला तुझ्यासाठी दुवा मागते."

फातिमाच्या डोळ्यांसमोर दर ईदला गडग्यावरून येणारी पिशवी आली. आयातसाठी शिवलेला कुर्ता, कधी सुकट, कधी वाफवलेली सांदणं. वाटणीत सूट मिळावी म्हणून ही लोणी लावते, असं समजून तिने ते कुर्ते कामवाल्या हौसाच्या मुलीला देऊन टाकले होते.

इथे गप्प बसायला हवं होतं, हे तिला नंतर शंभरदा वाटलं. पण महिनोन्महिने जिवाला लावलेला काच जिभेवर आलाच. "इद्रीसचा पगार अर्धा झालाय. बत्ती, मशीन चालू दे. फ्रीज तेवढा बंद कर."

तूबाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "तुला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. तिने विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मग उठून आत गेली. फातिमा थोडा वेळ बसली आणि परतली.

दुसऱ्या दिवशी वायर उपटून, नीट वेटोळं करून गडग्यावर ठेवलेली होती. त्या संध्याकाळी पलीकडच्या खिडकीत रॉकेलची चिमणी लागली.

फातिमाने वायर पुन्हा जोडायला काशीरामला पाठवलं, तूबाने त्याला दारातून परतवून लावलं. ऐन पावसात ती स्वतः गेली. "भाबी, मी चुकले. जोडून घे पुन्हा." तूबा पायाने मशीन मारत होती, मोटारीची पट्टी काढलेली. "चुकली नाहीस," ती म्हणाली. "तुझं घर आहे, तुझं बिल आहे." आणि कापड पुढे सरकवलं.

मग फातिमाने दुसरा मार्ग धरला. जुनं घर सासऱ्यांच्या नावावर होतं, नव्या मीटरला इद्रीसची संमती हवी. तिने दम्मामहून सहीचा कागद मागवला, चार वेळा रत्नागिरीच्या खेपा घातल्या, अर्ज तूबाच्या नावाने भरला. तूबाने मुकाट्याने अंगठ्याऐवजी सही केली. तिला लिहिता येतं हेही फातिमाला तेव्हाच कळलं. डिसेंबरात मीटर बसला. तोवर तूबाने फ्रीज विकून टाकला होता.

फातिमाचं बिल अर्ध्यावर आलं. इद्रीस फोनवर खूश झाला, "बघ, जमलं की तुला," म्हणाला. ती हूं म्हणाली.

दोन वर्षांनी इद्रीस कायमचा परत आला. पहिल्याच दिवशी भाबीकडे गेला, तासभर बसून आला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. लग्नाकार्यात दोघी जावा भेटतात, सलाम होतो, तब्येतीची विचारपूस होते. त्यापुढे तूबा कधी गेली नाही, आणि फातिमाला जाता आलं नाही.